कृत्रिम पाय येण्याआधीचे आठवडे

प्रश्न : माझे वडील ५७ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. बार्शी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. आबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. उन्हाळ्यात उजाड रानात त्यांच्या पायात काटा मोडला, जखम चिघळत गेली आणि शेवटी सोलापूरला डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला आता पाच आठवडे झाले. टाके निघाले आहेत आणि जखम कोरडी दिसते. आबा दिवसभर ओसरीवर खुर्चीत बसून असतात. दुखू नये म्हणून आई गुडघ्याखाली उशी ठेवते. आम्ही त्यांना जागचे हलू देत नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतो. शेजारच्या आजी रोज कोमट तेलाने चोळायला सांगतात. रात्री ‘पायाची बोटे जळतात’ असे आबा म्हणतात, तेव्हा पाहुणे एकमेकांकडे बघतात आणि आबा गप्प होतात. मागच्या आठवड्यात ते पहाटे झोपेतून उठून सरळ चालायला गेले आणि पडले. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या गावी मोफत कृत्रिम पाय बसवण्याचे शिबिर आहे, तेथे त्यांना न्यावे असे भाऊ म्हणतो. कोणी कृत्रिम पायावर नाचणाऱ्या सुधा चंद्रन यांचे उदाहरण दिले की आबा चिडतात. पाय कधी बसवावा, कोणता बसवावा आणि ते पुन्हा शेतात जाऊ शकतील का, हे कृपया सांगावे.
— एक वाचक भगिनी, जि. सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट आजच करायला हवी. गुडघ्याखालची उशी काढून टाका.

गुडघा वाकवून ठेवला की मागचे स्नायू सैल पडतात आणि दुखणे तेवढ्यापुरते कमी होते. त्यामुळे रुग्णाला ती उशी हवीशी वाटते आणि घरच्यांनाही आपण काहीतरी सेवा करत आहोत असे समाधान मिळते. परंतु सतत वाकलेल्या गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण थोड्याच आठवड्यांत त्या स्थितीत आखडू लागते. खाली पाऊल आणि नडगीचा मोठा भाग उरलेला नसल्यामुळे गुडघा सरळ करण्यासाठी लागणारी लांब तरफही हाताशी नसते, आणि एकदा आखडलेला गुडघा मोकळा करणे फार कष्टाचे होऊन बसते. गुडघा थोडासाच आखडला असेल तर कृत्रिम पाय बनवणारा तज्ज्ञ ते सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या पोकळ भागात, सामावून घेऊ शकतो. तो बराच आखडला, तर उत्तम पाय बसवूनही माणूस लंगडत, दमत चालतो किंवा काही दिवसांत तो पाय कोपऱ्यात ठेवून देतो. पुनर्वसन विभागात काम करताना मला सर्वात अधिक हळहळ याच रुग्णांबद्दल वाटत आली आहे, कारण त्यांचा गुडघा वाचवण्यासाठी पैसे नव्हे, फक्त वेळेवर मिळालेली माहिती पुरेशी होती.

दिवसभर खुर्चीत बसण्याचा परिणामही उशीसारखाच होतो. आबांना खुर्चीत बसवायचे असेल तर बैठकीवर एक लांब फळी अशी ठेवा की तिचे एक टोक त्यांच्या मांडीखाली घट्ट राहील आणि दुसरे टोक पुढे येईल. फळीवर चादरीची मऊ घडी घालून उरलेला पाय तिच्यावर सरळ ठेवा. या उरलेल्या भागाला आम्ही रुग्णालयात स्टम्प म्हणतो आणि पुढे मीही तोच शब्द वापरणार आहे. स्टम्प खाटेच्या कडेवरून खाली लोंबकळत ठेवू नये, कारण त्याने गुडघा वाकतो आणि सूजही वाढते. दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा ते वीस मिनिटे आबांना कडक अंथरुणावर पालथे झोपवा. कमरेखाली उशी नको, तोंड उजव्या बाजूला वळवलेले असावे आणि दोन्ही मांड्या एकमेकींजवळ असाव्यात. बसून बसून कमरेचा सांधाही पुढे आखडतो आणि तो सरळ ठेवण्यासाठी याहून सोपा उपाय नाही. त्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मात्र पालथे झोपवण्याआधी डॉक्टरांना विचारा. गुडघा नीट आहे का हे घरीच पाहता येते. आबांना पाठीवर सपाट झोपवा, त्यांना गुडघा खाली दाबायला सांगा आणि गुडघ्यामागचा भाग अंथरुणाला टेकतो का ते पाहा. टेकत नसेल तर शिबिराची वाट न पाहता याच आठवड्यात भौतिकोपचार तज्ज्ञाकडे (फिजिओथेरपिस्टकडे) जा.

याच काळात व्यायाम सुरू व्हायला हवेत आणि त्यांसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबून मांडीचा स्नायू पाच-सहा सेकंद घट्ट करायचा आणि सोडायचा. एवढ्यापुरता टॉवेल ठेवावा, व्यायाम झाला की काढावा. पाठीवर झोपून सरळ पाय वर उचलायचा, उजव्या कुशीवर झोपून डावी मांडी वर उचलायची, पालथे असताना ती मागे उचलायची. हे शेवटचे दोन व्यायाम लोक टाळतात आणि नेमके तेच पुढे सर्वात जास्त उपयोगी पडतात, कारण कृत्रिम पायावर उभे राहताना शरीराला एका बाजूला झुकू न देण्याचे काम कुल्ल्याचे स्नायू करतात. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन बैठकीवरून थोडे वर उचलले जाण्याचा व्यायाम दंडांसाठी आवश्यक आहे. सुरुवातीला दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे आणि श्वास रोखून धरू नये.

आता चालण्याच्या श्रमांबद्दल. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पायावर सपाट जमिनीवर चालताना धडधाकट माणसापेक्षा साधारण एक चतुर्थांश अधिक शक्ती लागते. पाय अपघाताने न जाता मधुमेहामुळे किंवा रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे गेला असेल, तर हा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास जातो. गुडघ्यावरून पाय गेला तर तो ६० टक्क्यांहूनही पुढे जातो. म्हणजे आबांचा गुडघा शस्त्रक्रियेत वाचला, ही त्यांच्या पुढच्या आयुष्यातील फार मोठी जमेची बाजू आहे आणि म्हणूनच तो वाकलेल्या स्थितीत गमावणे मला असह्य वाटते. हे जास्तीचे श्रम पेलण्यासाठी त्यांचे हृदय तयार आहे का, हे चालण्याचे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी तपासून घ्या. दीर्घ मधुमेहात हृदयाच्या रक्तवाहिन्याही अनेकदा बाधित असतात आणि छातीत न दुखताही ते घडू शकते.

स्टम्पला आकार देण्याचे कामही पाय बसवण्याआधीच करायचे असते. शस्त्रक्रियेनंतर स्टम्प सुजलेला आणि टोकाकडे फुगीर असतो. तो हळूहळू आटून निमुळता व्हावा यासाठी क्रेप बँडेज किंवा त्याच कामाचा तयार लवचिक मोजा वापरतात. गुडघ्याखालच्या स्टम्पसाठी चार इंची पट्टी पुरते. ती टोकाकडून तिरकी सुरू करून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, गुडघ्याच्या वरपर्यंत न्यावी. टोकाला ताण सर्वात जास्त आणि वर जाताना कमी कमी, हे तत्त्व कधीही उलटू देऊ नका. बांगडीसारखे गोल गोल वेढे घातले तर वर आवळले जाते, खाली रक्त साकळते आणि मधुमेही त्वचेला ते महागात पडते. पट्टी दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधावी, टोक पिनेने न अडकवता चिकटपट्टीने बसवावे आणि ठणका किंवा काळेनिळेपणा दिसला तर लगेच सोडावी. आबांच्या पायाचा रक्तपुरवठा फार कमी असेल तर किती ताण द्यायचा हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे लागेल. पट्टी बांधायला तज्ज्ञाकडून एकदा प्रत्यक्ष शिका; वाचून किंवा ऐकून ते हातात बसत नाही. शक्य झाले तर आबांनाच शिकवा.

शेजारच्या आजींचा मान राखून तेल थांबवा. ताज्या व्रणावर चोळणे घातक आहे आणि तेलाने मऊ पडलेली त्वचा पुढे सॉकेटमध्ये घामाने लवकर सोलली जाते. स्टम्प रोज रात्री साध्या साबणाने धुऊन टिपून पूर्ण कोरडा करावा. त्यावरचे केस काढू नयेत, कारण वस्तऱ्याच्या बारीक जखमांतून संसर्ग होतो. व्रण पक्का झाल्यावर बोटांनी हळूहळू थोपटणे, मऊ कापड फिरवणे, मग थोडे खरखरीत कापड फिरवणे असे करत त्वचेला स्पर्शाची सवय लावतात. त्याला मात्र जरूर वेळ द्या.

आबांची जळणारी बोटे हा वेडाचा प्रकार नाही, हे कृपया पाहुण्यांना आबांच्या देखत सांगा. पाय कापला तरी मेंदूतील त्या पायाची जागा आणि तिकडे जाणाऱ्या नसांचे जाळे शिल्लक असते. म्हणून अवयव गमावलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो अवयव अजून जागेवर असल्याचे जाणवते आणि त्यांपैकी बहुतेकांना कधी ना कधी त्यात वेदनाही होतात. अमेरिकेतील यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्ये या अनुभवावर लिहिताना वापरलेले ‘फॅन्टम’ (भुतासारखा भास) हे नाव आजही रूढ आहे. या वेदना बहुधा पहिल्या काही महिन्यांत जास्त असतात आणि पुढे अनेकांमध्ये कमी होत जातात. दिवसा स्टम्प हाताळणे, पट्टी नीट बांधलेली असणे आणि पुढे कृत्रिम पाय वापरात येणे, यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. नसांच्या वेदनेवर वेगळी औषधे असतात. नेहमीची वेदनाशामक गोळी येथे फारशी चालत नाही आणि मधुमेही माणसाने ती रोज घेतल्यास मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे. आरशाचा एक उपायही आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात संशोधन करणाऱ्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो पुढे आणला. दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा ठेवून त्यात उजव्या पायाचे प्रतिबिंब पाहत पाऊल हलवायचे, म्हणजे डावे पाऊल हलत असल्याचे मेंदूला दिसते. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण खर्च काही नाही आणि अपाय क्वचितच होतो, तेव्हा भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडे करून पाहावे. वेदना एकाच ठिकाणी दाबल्यावर विजेसारखी चमकत असेल, तर ते नसेच्या टोकाला आलेल्या गाठीचे लक्षण असू शकते; ते वेगळे दाखवा.

पहाटेच्या पडण्याचा संबंध याच जाणिवेशी आहे. अर्धवट झोपेत मेंदूला पाय असल्याचे वाटते आणि माणूस त्यावर उभा राहायला जातो. व्रणावर आदळून टाके निघालेली जखम पुन्हा उकलणे हा यातील सर्वात मोठा धोका आहे. जखम अजूनही अखंड आहे याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. खाटेच्या ज्या बाजूने आबा उतरतात तेथे वॉकर किंवा खुर्ची अशी ठेवा की उठताना हात तिच्यावरच पडेल. रात्री मंद दिवा सुरू ठेवा आणि खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवा. संडासात भिंतीला दोन मजबूत दांडे आणि बैठकीवर ठेवायची कमोड खुर्ची, एवढी सोय आता लगेच करून घ्या. उकिडवे बसण्याचा प्रयत्न त्यांनी एवढ्यात मुळीच करू नये.

मधुमेहाने एक पाय गेलेल्या माणसाचा दुसरा पायही त्याच आजाराच्या छायेत असतो. घरात साऱ्यांचे लक्ष कापलेल्या पायाकडे असते आणि उजव्या पायाला पडलेली भेग कोणाला दिसत नाही. शिवाय आता त्या एकट्या पायावर दुप्पट भार आहे. म्हणून वॉकर धरून एका पायावर उड्या मारत लांब जाणे मला पसंत नाही. घरातल्या घरात, आधार धरून, चार पावले ठीक आहेत. त्यापलीकडे चाकांची खुर्ची वापरावी, आणि तिला हार मानणे समजू नये. रोज रात्री आबांच्या उजव्या पायाचा तळवा, टाच आणि बोटांमधल्या खाचा तुम्ही स्वतः दिव्याच्या उजेडात पाहा. अनवाणी एकही पाऊल नको, अगदी घरातही नको. संवेदना कमी झालेल्या पायांसाठी सूक्ष्मछिद्री मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला मिळतात, त्या घ्या. गरम पाण्याची पिशवी, शेक, कुरूप ब्लेडने कापणे हे कायमचे बंद. आबा तंबाखू खात असतील, मिसरी लावत असतील किंवा बिडी ओढत असतील, तर तेही बंद व्हायला हवे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि उजवा पाय वाचवण्याच्या साऱ्या प्रयत्नांवर पाणी पडते. या एका बाबतीत मी तुम्हाला त्यांच्याशी वाद घालायला सांगेन.

आता पाय कधी. जखम पूर्ण भरलेली असावी, सूज उतरलेली असावी आणि स्टम्पचा घेर स्थिरावत आलेला असावा. बहुतेकांच्या बाबतीत पहिले माप शस्त्रक्रियेनंतर ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान घेतले जाते, मधुमेहात कधी त्याहून उशिरा. घरी शिवणकामाची टेप घेऊन गुडघ्याच्या वाटीखाली ठरावीक अंतरावरचा घेर रोज सकाळी एकाच वेळी मोजा आणि वहीत लिहा. घेर आठवडाभर जवळजवळ तितकाच राहू लागला की माप देण्याची वेळ जवळ आली असे समजावे. माप घेणाऱ्या तज्ज्ञाला ही वही फार उपयोगी पडेल. पहिला पाय तात्पुरता असतो हेही आधीच जाणून घ्या. स्टम्प वर्ष-दीड वर्ष आटत राहतो, सॉकेट सैल पडते, मग एकावर एक मोजे चढवून ते जुळवून घ्यावे लागते आणि शेवटी सॉकेट बदलावे लागते.

म्हणून शिबिराबद्दल माझे मत असे आहे. ज्यांचा स्टम्प पक्का झालेला आहे, ज्यांनी आधी कृत्रिम पाय वापरला आहे आणि ज्यांना फक्त नवा पाय हवा आहे, त्यांना शिबिराचा मोठा फायदा होतो आणि अशा सेवेने या देशात असंख्य माणसे उभी राहिली आहेत. आबांचा मात्र हा पहिलाच पाय आहे, त्यांना मधुमेह आहे आणि पुढच्या महिन्यात त्यांचा स्टम्प मापायोग्य असेलच असे नाही. शिबिराच्या आयोजकांना भावाने आधीच दोन प्रश्न विचारावेत : पाय बसवल्यावर चालायला कोण आणि किती दिवस शिकवणार, आणि महिन्याभराने सॉकेट टोचू लागले तर दुरुस्तीसाठी आम्ही कोठे यायचे? या दोन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली आणि तोवर जखम पक्की झाली असेल तर जरूर जा. न मिळाली तर आबांना ज्या ठिकाणी पुनर्वसन तज्ज्ञ, भौतिकोपचार तज्ज्ञ आणि कृत्रिम अवयव बनवणारा विभाग एकाच छताखाली आहेत तेथे न्या. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून सुरू असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था अशी आहे. पुण्यात १९४४ मध्ये लष्करासाठी सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र नागरिकांनाही सेवा देते. तुमच्या जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काय सोय आहे याची चौकशी मात्र सर्वप्रथम करा, कारण पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा जावे लागणार आहे आणि अंतर लांब असले की फेऱ्या चुकतात.

कोणता पाय, या प्रश्नाचे उत्तर आबांच्या दिनक्रमातून शोधावे लागेल. परदेशी पद्धतीचे पाऊल बुटासाठी बनवलेले होते. ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात ते टिकत नसे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकूड वापरून ‘जयपूर फूट’ नावाचे जे पाऊल घडवले, ते नेमके जमिनीवर बसण्याच्या आणि चिखलात वावरण्याच्या जगण्यासाठी होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते देशभर विनामूल्य पोहोचवले, आणि सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जमिनीवर बसणाऱ्या, रानात वावरणाऱ्या माणसासाठी हे पाऊल आजही उत्तम आहे असे मला वाटते. आबांच्या बाबतीत एक पथ्य मात्र सांभाळावे लागेल. जयपूर फूट अनवाणी चालण्याच्या सोयीचे म्हणून ओळखले जाते, पण आबांच्या उजव्या पायात चप्पल सदैव असणार आहे. दोन्ही बाजूंची उंची जुळावी यासाठी ते रोज घालणार आहेत तोच चपलांचा जोड माप देताना आणि पाय बसवताना बरोबर न्या. पुढे वेगळ्या उंचीच्या टाचेची चप्पल घातली तर पायाचा तोल बिघडतो आणि गुडघा दुखू लागतो. महाग पावलांच्या जाहिराती पाहून कर्ज काढू नका. आरामात चालणे पावलाच्या किमतीपेक्षा सॉकेट किती नेमके बसले आहे यावर अधिक अवलंबून असते, त्यामुळे पैसे असतील तर ते चांगल्या सॉकेटवर आणि आतल्या मऊ अस्तरावर खर्च करावेत.

सॉकेटमध्ये स्टम्पच्या टोकावर भार पडत नाही. तो मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायूबंधावर (टेंडनवर) आणि आसपासच्या स्नायूंवर घेतला जातो. ‘टोक दुखते’ असे आबा म्हणाले तर सहन करा असे कोणीही सांगू नये. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे पाय घालावा, काढावा आणि त्वचा पाहावी. भार घेणाऱ्या जागी आलेली लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. तशीच राहिली, नडगीच्या हाडाच्या टोकावर आली किंवा फोड दिसला, तर पाय त्या दिवशी पुन्हा घालू नये आणि तज्ज्ञाला दाखवावे. संवेदना कमी असल्याने आबांना वेदना कळेलच असे नाही, म्हणून येथे डोळ्यांवर भिस्त ठेवा. मोजे रोज धुतलेले असावेत आणि त्यांना सुरकुती नको. वेळ दररोज थोडी थोडी वाढवत पूर्ण दिवसापर्यंत न्यायला काही आठवडे लागतात. चालणे समांतर दांड्यांमध्ये सुरू होते आणि पहिला धडा पाऊल टाकण्याचा नसून कृत्रिम पायावर भार देऊन स्वस्थ उभे राहण्याचा असतो. घाबरलेला माणूस सारा भार चांगल्या पायावर ठेवतो आणि कृत्रिम पाय घाईने ओढतो. ती सवय एकदा लागली की सुटत नाही. पायरी चढताना उजवा पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. चालण्याने साखर एकदम उतरू शकते, तेव्हा खिशात साखर किंवा गूळ असू द्या आणि औषधांची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या.

सुधा चंद्रन यांचे उदाहरण आबांना देऊ नका असे मी सुचवेन. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नाचल्या, हे थोर आहेच. पण त्या किशोरवयीन होत्या, नृत्याने कमावलेले निरोगी शरीर त्यांच्याकडे होते आणि तेथे पोहोचायलाही त्यांना दीर्घ सराव करावा लागला. मधुमेहाने थकलेल्या, साठीकडे झुकलेल्या शेतकऱ्याला त्या तुलनेत स्वतःचे अपयश तेवढे दिसते आणि त्यांचे चिडणे मला अगदी समजते. त्यांना त्यांच्यासारखाच माणूस भेटायला हवा : पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्याखाली पाय गेलेला, आज स्वतः एसटीने प्रवास करणारा. अवयव केंद्रात जाल त्या दिवशी तेथील कर्मचाऱ्यांना तशी भेट घालून द्यायला सांगा, आणि ते दोघे बोलत असताना तुम्ही थोडे दूर बसा. त्यांची झोप, भूक आणि बोलणे असेच कमी होत गेले, किंवा ‘मी कशाला उरलो’ असे ते म्हणू लागले, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे नेण्यात संकोच करू नका.

आणि पाण्याचा तांब्या आबांच्या हातात देणे थांबवा. माझे हे बोलणे कठोर वाटेल. तुमच्या घराने पाच आठवडे केलेली सेवा मनापासूनची आहे, हे पत्रातून दिसते. परंतु आपल्या माणसाला एकही हालचाल करू न देणारे घर त्याला नकळत सांगत असते की तुझ्याच्याने आता काही होणार नाही. दाढी, अंघोळ, खाटेवरून खुर्चीत सरकणे, साखर तपासून वहीत लिहिणे, पट्टी गुंडाळणे हे सारे त्यांना बसल्या बसल्या जमते. पेरणी, बियाणे, मजुरांचे पैसे यांचे निर्णय त्यांच्याकडेच राहू द्या आणि भावाने ते त्यांना विचारूनच घ्यावेत.

शेतात जाण्याबद्दल मी वचन देऊ शकत नाही, पण अपेक्षा काय ठेवावी हे सांगू शकते. गुडघा सरळ राहिला, हृदयाने साथ दिली आणि उजवा पाय सुरक्षित राहिला, तर पाय बसवल्यापासून दोन-तीन महिन्यांत काठी घेऊन घरात आणि गल्लीत चालणे हे वाजवी उद्दिष्ट आहे. नांगरटीची ढेकळे, बांधाचा उतार आणि पावसाळ्यातील काळी निसरडी माती या फार पुढच्या पायऱ्या आहेत. पहिल्या हंगामात वाहनाने बांधापर्यंत जावे, खुर्ची टाकून बसावे, कोरड्या पायवाटेने काठीच्या आधाराने थोडे फिरावे. खुरपणी, ओझे उचलणे, मोटार चालू करायला ओल्या पाटातून जाणे या वर्षी नको. पाय ओला झाला तर घरी येऊन सॉकेट आणि पाऊल आतून-बाहेरून पुसून सावलीत वाळवावे. रोज रानात वापरलेले पाऊल झिजते आणि काही वर्षांनी बदलावे लागते, तोही खर्च मनात धरून ठेवा.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि ओळखपत्रासाठी आताच अर्ज करून ठेवा. २०१६ च्या कायद्यानुसार सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि गुडघ्याखालील विच्छेदन त्या मर्यादेच्या वर मोजले जाते. एसटी प्रवासाची सवलत आणि केंद्र सरकारच्या योजनेतून मिळणारी साधने यांसाठी तेच प्रमाणपत्र लागेल.

पुढच्या तपासणीला जाताना शस्त्रक्रियेचा कागद, चालू औषधे, साखरेची आणि घेराची वही, आणि चपलांचा जोड बरोबर न्या. व्रणातून स्राव येऊ लागला, ताप आला, त्वचा काळी पडली किंवा उजवी पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.